झोक्यासाठी ठेवलेली फांदी

गेल्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीला, दुपारी, जळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या कडुलिंबाची एक फांदी खोडापासून मोडून खाली आली. फांदीला झोका बांधलेला होता आणि झोक्यावर झाडामागच्या घरची मुलगी उभी होती. तिच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. वारा नव्हता.

शेवटचे वाक्य मुद्दाम लिहावे लागते. त्याच संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोताने’ असा मजकूर फिरला आणि दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तो तसाच छापून आला. बातमी लिहिणारा गल्लीत आला नव्हता. त्या दुपारी माझ्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत होत्या. लुगड्याच्या दोनच कोपऱ्यांवर दगड होते. उरलेले दोन कोपरे दिवसभर जागचे हलले नाहीत.

मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. अर्ज भरून झाला होता, मैदानी चाचणीची तारीख यायची होती. माघात तिचे लग्न झाले. सासर धुळ्याचे. लग्न ठरतानाच तिने सांगितले होते की पळणे बंद होणार नाही. सासरच्यांनी ते मान्य केले आणि पाळले. धुळ्यात ती पहाटे सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून मैदानावर जात असे. ती पळायची आणि ते बाकावर बसून मोबाइलवर तिची वेळ लावायचे. आखाजीला माहेरी आली तेव्हा पिशवीत नव्या साड्यांच्या खाली पळण्याचे बूट होते. तिची आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, त्यावरून तिला बोलली. मुलगी म्हणाली, “सण एक दिवसाचा आहे, आई. भरती रोज नसते.”

खानदेशात दिवाळीला लेक आली नाही तर चालून जाते. आखाजीला यावीच लागते. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर झोका बांधावाच लागतो, आणि तो झाडालाच. आमची कॉलनी प्लॉट पाडून वसलेली आहे. पहिल्या रहिवाशांनी आपापल्या दारापुढे एकेक कडुलिंब लावला. अक्कांचा कडुलिंब त्यांच्या यजमानांनी लावलेला. ते भुसावळला रेल्वेत होते, आता नाहीत. त्या झाडाला रस्त्याच्या बाजूने एक आडवी, सरळ फांदी होती. गल्लीतल्या सगळ्या लेकींचा झोका तिलाच बांधला जायचा. म्हणून दरवर्षी छाटणीच्या वेळी ती फांदी सोडून बाकीचे झाड उतरवले जाई.

छाटणी हा शब्द कॉलनीच्या समितीचा आहे. प्रत्यक्षात जे होत असे ते असे. होळी झाली की ग्रुपवर तक्रारी सुरू होत. पाला गाडीवर पडतो. पाला सोलरच्या पाट्यांवर पडतो. बगळे बसतात आणि खाली घाण करतात. मग समितीचे अध्यक्ष, जे पूर्वी बांधकामाचे ठेके घेत असत, एक टोळी बोलावीत. टोळीला मजुरी द्यायची नाही, तोडलेले लाकूड तिचे, असा ठराव होता. समितीला तो फुकटातला वाटे. त्याचा परिणाम दरवर्षी डोळ्यांसमोर दिसे आणि कुणी पाहत नसे. ज्याची मजुरी लाकडात आहे तो जाड लाकूड तोडणार. जी वाळकी, बारीक, कधीही डोक्यावर पडेल अशी काटकी असते ती कुणाला नको असते. ती झाडावरच राही. जिवंत, मांडीएवढ्या फांद्या ट्रॅक्टरवर चढत.

तोडण्याची पद्धत एकच होती. कुऱ्हाडीने वरून घाव घालायचे. फांदी अर्धी तुटली की स्वतःच्या वजनाने खाली येई आणि येताना खोडाची साल फरफटत नेई. खोडावर पांढरी, ओली, हातभर लांब जखम उघडी पडे. ती दोन दिवसांत तपकिरी होई आणि तिच्यावर माश्या बसत. कुठे हातभर खुंट ठेवलेला, कुठे खोडाला खड्डा पडेल इतके आत तोडलेले. खुंटांवर नंतर दुधाच्या पिशव्या, सायकलचे टायर, कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या दोऱ्या. खाली चुना आणि गेरूचे पट्टे. पट्टे मारले की काम झाले असे समजले जाई. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो ग्रुपवर पडत. खाली अंगठ्यांची रांग लागे.

अक्कांच्या झाडाचा शेंडाही असाच कधीतरी उडवलेला होता. झोक्याची फांदी जिथे खोडाला मिळते त्याच्या थोडे वर खोड आडवे तोडलेले होते. तिथे वाटीसारखा खोलगट भाग झाला होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचे आणि पाऊस संपल्यावरही काही दिवस तिथून काळे ओघळ खोडावर उतरत. ओघळांना वास होता. खाली पत्ते खेळायला बसणारी मंडळी खुर्च्या थोड्या बाजूला सरकवून बसत.

माझे चुलतभाऊ धुळ्याला असतात. वयाने बरेच मोठे, म्हणून नाना. त्यांनी आयुष्यभर शेतकी महाविद्यालयात फळझाडे शिकवली. अक्कांच्या यजमानांची आणि त्यांची ओळख होती, म्हणून माघातल्या त्या लग्नाला ते आले. मांडव गल्लीतच घातला होता आणि त्याचे दोर याच कडुलिंबाला बांधले होते. पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. नानांनी बट्टी कुस्करता कुस्करता वर पाहिले आणि हात थांबवला.

“हाई झाड नही शे, भाऊ,” ते मला म्हणाले. चिडले की ते अहिराणीत येतात. “हाई खुंटी शे. एक हात ठेवलाय आणि बाकीचा माणूस कापून नेलाय. खिळे कुणी मारले?”

“मांडववाल्यांनी.”

“आणि त्या आधीचे?”

त्या आधीचे कुणी मारले हे सांगता येण्यासारखे नव्हते. खोडावर गंजलेल्या खिळ्यांचा एक पट्टाच होता.

अक्का वाढायला आल्या. नानांनी त्यांना फांदीकडे बोट करून विचारले, “ही का ठेवली?”

“आखाजीला. पोरीची पहिली आहे ना.”

“अक्का, या फांदीला झोका बांधू नका.”

“लग्नघरात असं काही बोलू नये, नाना,” अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आणखी तूप वाढून पुढे गेल्या.

नाना रात्री माझ्याकडे राहिले. सकाळी त्यांनी अध्यक्षांना झाडाखाली बोलावले. अध्यक्ष आले, चहा घेऊनच आले. नानांनी मांडवाचा एक बांबू उचलला आणि त्याने दाखवायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे सोपे होते. झाडाची ताकद पाल्यात असते. दरवर्षी सगळा पाला उतरवला, एकाच फांदीला ठेवला, म्हणून झाडाने सगळी वाढ तिच्यातच घातली. ती लांब झाली, टोकाला जड झाली. त्याच वेळी तिच्या बुडाशी वरून पाणी मुरत होते. म्हणजे वजन वाढत होते आणि जिथे ते पेलायचे तिथे लाकूड सडत होते.

“फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीचं फुगीर कडं असतं,” नाना म्हणाले. “हे बघा, इथं. कडं झाडाचं, फांदी तुमची. कडं सोडून कापली तर जखम झाड आपली आपण मिटवतं. खुंट ठेवला तर खुंट मरतो, सडतो आणि सड आत नेतो. कडंच कापलं तर जखम कधी मिटत नाही. आणि मोठी फांदी एका घावात कुणी तोडतं का? आधी थोडं पुढं खालून काप. मग त्याच्याही पुढं वरून. वजन उतरलं की शेवटचा काप कड्यापाशी. नाहीतर ती पडताना साल ओढून नेते. पायजमा उतरावा तशी.”

“नाना,” अध्यक्ष म्हणाले, “झाड आहे. बायपासचा पेशंट नाही.”

“पेशंट ओरडतो तरी.”

“अहो, कडुलिंब आहे. कितीही तोडा, फुटतो. याचं कौतुकच ते आहे.”

“फुटतो, म्हणजे मरायच्या आत पाला काढायची धडपड करतो. त्याला तुम्ही तब्येत म्हणता.”

नानांनी उपायही सांगितला. फांदीचे टोक आतल्या एखाद्या जोमदार फाट्यापर्यंत मागे आणायचे, म्हणजे वजन कमी होईल. खोडावर फुटलेले कोवळे कोंब ठेवायचे, त्यांतूनच पुढे झाड उभे राहील. या वर्षी कशालाच झोका नको. पोरीसाठी लोखंडी चौकट ते स्वतः करून पाठवतील.

अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “चौकटीचा झोका बालवाडीत असतो,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीला मी बालवाडीत बसवू?”

अध्यक्ष हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अध्यक्षांना आणि मला एकाच लग्नासाठी धुळ्याला जायचे होते. त्यांची गाडी होती. पारोळ्याला चहा झाला. धुळ्यात पोहोचल्यावर मी त्यांना पांझरा नदीपलीकडे नानांच्या घरी नेले. योगायोग नव्हता, त्या सकाळी नानांच्या दारातल्या कडुलिंबाची छाटणी आहे हे मला माहीत होते. अध्यक्षांनी ती पाहावी एवढाच हेतू होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोरी लावून येणे-जाणे बंद केले होते. वर एक माणूस कमरेला दोर बांधून बसला होता, हातात करवत. खाली दुसरा, डोक्याला हेल्मेट, फांदीला बांधलेला दोर धरून. आधी वाळकी लाकडे काढली. मग एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक. खालून काप, वरून काप, फांदी दोरावर लोंबकळत राहिली आणि हळूहळू जमिनीवर उतरली. मग कड्यापाशी शेवटचा काप. त्यावर काही फासले नाही. शेजारची एक बाई दोरीपाशी थांबून कंटाळली आणि दुसऱ्या गल्लीने गेली. पाल्याचा ढीग फार मोठा झाला नाही. नाना म्हणाले, एका वेळी चौथ्या हिश्श्याहून जास्त पाला काढायचा नाही.

काम संपल्यावर अध्यक्षांनी झाडाकडे मान वर करून पाहिले.

“छाटलं कुठं?” त्यांनी विचारले.

“तुमच्यासमोर छाटलं की.”

“दिसत तर नाही.”

“नाहीच दिसायला पाहिजे.”

“मग लोकांना कळणार कसं, काम झालं म्हणून?” अध्यक्षांचा प्रश्न प्रामाणिक होता. परतताना गाडीत त्यांनी तो पुन्हा मला विचारला. त्यांच्या मते नानांना त्या लोकांनी फसवले होते.

पाडव्याच्या आधी आमच्या गल्लीत टोळी आली. दोर नव्हते, हेल्मेट नव्हते, रस्ता बंद केला नव्हता. फांदी पडायच्या वेळी वरचा माणूस ओरडे आणि खालचे पळत. शाळेतून परतणारी एक रिक्षा मुलांसकट खालून गेली. मी ते ग्रुपवर लिहिले. उत्तरादाखल एक हात जोडल्याचे चित्र आले.

अक्कांच्या झाडाखाली अध्यक्ष स्वतः उभे होते. “अक्कांची फांदी सोडून बठ्ठं साफ,” ते म्हणाले. अक्का कुंपणातून म्हणाल्या, “तिला हात लावू नका हां. पोरीची पहिली आखाजी आहे.” हात लावला गेला, पण वेगळ्या कारणाने. झोक्याचा दोर नीट बसावा म्हणून फांदीच्या आतल्या निम्म्या भागातली सगळी पालवी कोयत्याने सोलून काढली. पाला फक्त टोकाला राहिला. खोडावरचे कोवळे कोंब, जे ठेवायला नानांनी सांगितले होते, ते पहिल्यांदा गेले. समोरच्या घराचे बांधकाम सुरू होते. तिथून घमेलेभर सिमेंट आणून वरच्या वाटीत भरले, म्हणजे पाणी साचणार नाही. ओघळांवर चुना फासला.

पाडव्याच्या सकाळी गुढीसाठी कडुलिंबाचा पाला लागतो. तो लोकांनी रस्त्याकडेला पडलेल्या त्याच ढिगातून नेला. दोन दिवसांचा सुकलेला, मुंग्या लागलेला, कुत्र्यांनी ओला केलेला. झटकून गुढीला बांधला आणि गूळ घालून खाल्ला.

मी झाडाचा फोटो नानांना पाठवला. त्यांनी फोन केला. “झोका बांधू देऊ नको,” ते म्हणाले. “अक्कांना माझा निरोप सांग. हात जोडून सांग.” मी सांगितला. अक्का म्हणाल्या, “नानांना म्हणावं, आखाजीला मांडे खायला या. झाड आमचं आम्ही बघतो.” मी अध्यक्षांनाही सांगितले. ते म्हणाले, “आता सिमेंट भरलंय. आता काय होतं?”

आखाजीला सकाळपासून ऊन होते. अक्कांच्या अंगणात चूल मांडून खापरावर पुरणाचे मांडे झाले, आमरस झाला. घागरीची पूजा झाली. जेवणे उरकल्यावर झोका बांधला. दोराखाली फांदीला जुन्या टायरचा तुकडा घातला, फांदीला इजा होऊ नये म्हणून. लेकी एकेक करून बसल्या. बायका गाणी म्हणत होत्या. आखाजीला पत्ते खेळण्याला आमच्याकडे कुणी नाव ठेवत नाही, त्यामुळे शेजारच्या घराच्या सावलीत पुरुषांचा डाव पडला होता. अध्यक्ष त्यात होते.

अक्कांची मुलगी झोक्यावर उभी राहिली. पळणाऱ्या मुलीचे पाय. दोनचार हेलकाव्यांत झोका कुंपणाच्या वर गेला. फांदीचा आवाज येऊ लागला.

“करकरतंय रे,” डावातला एक जण म्हणाला.

“नव्या नवरीचं वजन आहे,” दुसरा म्हणाला.

“ए पोरी, आमच्या धुळ्याचं जेवण मानवलं वाटतं!” तिच्या नवऱ्याचा मामा म्हणाला. तो तिला पोहोचवायला आला होता. सगळे हसले.

“करकरली म्हणजे जिवंत आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पान टाकले.

मुलगी म्हणाली, “थांबा, थांबवते.” तिने पाय आखडले. झोका परत येत असताना फांदी बुडापासून सुटली. आवाज मोठा नव्हता. ओले पोते फाटावे तसा होता. मुलगी आधी खाली आली आणि फांदी तिच्यानंतर. फांदीचा जाड भाग तिच्या मांडीवर पडला. पालवीचा शेंडा गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या पुढ्यात येऊन थांबला. त्यांच्यात कुणाला लागले नाही.

फांदी उचलायला पत्ते खेळणारे सगळे धावले. ती त्यांना एकदम उचलता आली नाही. कुणीतरी ओढली, मुलगी किंचाळली, तेव्हा ओढणे थांबले. शेवटी समोरच्या बांधकामावरच्या कामगारांनी लाकडी बल्ल्या घालून ती वर केली. मालवाहू रिक्षात गादी टाकून तिला दवाखान्यात नेले. अक्का पुढे बसल्या. त्यांच्या हाताला पुरण लागलेले होते.

हाडात सळई घालण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. डॉक्टरांनी सांगितले, चालेल. पळण्याबद्दल आत्ता काही बोलणार नाही.

त्या दिवशी नाना सकाळच्या बसने धुळ्याहून आले. दवाखान्याआधी ते झाडापाशी गेले. फांदी रस्त्याकडेला ओढून ठेवली होती. तिच्या बुडाचा बाहेरचा थर तेवढा पांढरा, चिवट होता, बोटभर जाडीचा. आतला सगळा भाग तपकिरी आणि ओला. नानांनी बोट घातले तर ते बुडाले. लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे हातात आले. त्याला आंबलेल्या धान्याचा आणि गटाराचा असा एकत्र वास होता. आत अंगठ्याएवढ्या जाडीच्या पांढऱ्या अळ्या होत्या. उजेड लागताच त्या आकसल्या. खोडाकडच्या भगदाडातून सिमेंटचा गोळा अख्खा निघाला. वरून कोरडा, खालून घामेजलेला. आधी मुरलेले पाणी आतच राहिले होते, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली होती. त्याखाली गुटख्याच्या पुड्या निघाल्या. एक नाही, मूठभर. छाटणीला वर चढणारे त्या भोकात पुड्या कोंबत असत. काही जणांनी थुंकण्यासाठीही तेच भोक वापरले होते. आतल्या बाजूला लाल थर होता.

अध्यक्ष आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. “बघा,” ते म्हणाले, “आतून पोकळ होतं. बाहेरून कुणाला कळणार?”

नाना हातातला लगदा खाली टाकून नळावर हात धुवायला गेले.

दवाखान्यात अक्कांनी नानांना पाहताच तोंड फिरवले. मग फिरवलेल्या तोंडानेच म्हणाल्या, “तुमची जीभ काळी आहे, नाना. भर मांडवात बोललात. तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं होतं.” गल्लीतही तोपर्यंत हेच बोलले जाऊ लागले होते.

मुलगी जागी होती. “आई,” ती म्हणाली, “लाकूड सडलेलं होतं.”

“तू गप पड.”

“पडलेच आहे. नाना, त्यात अळ्या होत्या ना? मामांनी मला फोटो दाखवला.”

“होत्या,” नाना म्हणाले.

“मग नानांच्या जिभेला अळ्या होत्या का, आई?”

अक्का रडू लागल्या. नंतर त्यांनी नानांना डब्यातला मांडा वाढून दिला. नानांनी तो खाल्ला.

त्या आठवड्यात समितीची बैठक अध्यक्षांच्या अंगणात झाली. नाना मुद्दाम थांबले होते. त्यांनी सांगितले की गल्लीतल्या उरलेल्या कडुलिंबांपैकी एकच आतून गेलेला आहे, तो रीतसर परवानगी घेऊन काढावा. बाकीची झाडे वाचतात; वाळके लाकूड काढा, खिळे आणि तारा काढा, शेंडे उडवू नका, काही वर्षे कुऱ्हाड लावू नका.

“जबाबदारी तुम्ही घेणार?” एकाने विचारले.

“माझ्या पद्धतीने केलं तर लिहून देतो.”

“आणि वेळ किती लागणार?”

“एका झाडाला एक सकाळ.”

त्यावर हशा झाला. अध्यक्ष म्हणाले, “नाना, तुमचा मान आहे. पण झाडाचा भरवसा नाही. पोरगी आपली पडली आहे. आता भावनेत जायचं नाही.” मग ठरले की सगळी झाडे ‘सुरक्षित उंचीपर्यंत’ आणायची. सुरक्षित उंची म्हणजे किती, असे मी विचारले. अध्यक्षांनी तळहात स्वतःच्या डोक्याच्या जरा वर धरून दाखवला.

टोळी तीच होती. ठराव तोच होता, लाकूड तुमचे. भर उन्हाळ्यात, पारा चढलेला असताना, गल्लीतल्या सगळ्या कडुलिंबांचे खांब झाले. खांबांना चुना-गेरूचे पट्टे मारले. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’चे फोटो ग्रुपवर आले. ‘सुरक्षित कॉलनी, सुंदर कॉलनी’ असे त्याखाली होते. आतून गेलेले जे एक झाड काढायला नानांनी सांगितले होते, त्याचाही खांबच ठेवला. त्याच्या बुंध्याशी कुणीतरी देवाच्या चित्राची फरशी लावली होती आणि ते मुळापासून काढायला कुणी तयार झाले नाही. त्याच्या कापलेल्या वरच्या तोंडातही सिमेंट भरले.

भरलेल्या सिमेंटचा फोटो मी नानांना पाठवला नाही.

मुलगी माहेरीच होती. सासरे दर रविवारी धुळ्याहून येत आणि तिच्या खाटेशी बसत. सुरुवातीला ते चाचणीबद्दल बोलत नसत. मग तारीख जाहीर झाली आणि तिनेच विषय काढला. चाचणी पुढे ढकलून मिळेल का, याची त्यांनी धुळ्यात जाऊन चौकशी केली. मिळत नाही असे उत्तर मिळाले. ते तिला सांगायला अक्का तयार नव्हत्या. सासऱ्यांनी सांगितले. तिने विचारले, “पुढच्या भरतीला किती वेळ आहे?” ते म्हणाले, “ते त्यांनाही माहीत नाही, बेटा.”

पाऊस सुरू झाल्यावर ती वॉकर घेऊन उभी राहू लागली. मग कुबड्या. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक झाला होता. अक्का त्याला रोज तेल लावत आणि फांदीचा विषय निघाला की उठून आत जात.

मैदानी चाचणी ठरलेल्या दिवशी सकाळी झाली. त्या सकाळी मुलगी अक्कांसोबत फिजिओथेरपीला गेली होती. तिथे ती पहिल्यांदा कुबड्या बाजूला ठेवून, भिंतीला हात लावत, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली.